सातची उघाडी

बाराही बाटल्यांचा निकाल सारखा आला, तेव्हापासून मला स्वस्थ बसवेना.

ही गोष्ट १९३४ सालची. आगरबंदरात त्या पौषात विषमज्वराची साथ आली होती. बाजारपेठेत अकरा माणसं अंथरुणाला खिळली, त्यातली दोन गेली. म्युनिसिपालिटीने खाडीचं पाणी तपासायचं ठरवलं. मुंबईत पाण्याच्या तपासणीचं काम केलेली, शास्त्राची पदवी घेतलेली एक बाई चार महिन्यांच्या बोलीवर यायला तयार आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मला बोलावणं आलं. दवाखान्यामागची एक खोली, एक टेबल, दोन फळ्या आणि रॉकेलच्या दिव्यावर चालणारी उबेची पेटी एवढी माझी प्रयोगशाळा. त्या पेटीत माणसाच्या अंगाइतकी ऊब सतत राहायला हवी. वाऱ्याने दिवा फडफडला की माझंही मन तसंच व्हायचं.

तपासणी किचकट असली तरी समजायला सोपी आहे. काचेच्या नळ्यांत दुधातली साखर आणि पित्ताचा क्षार घातलेला लालसर रस भरायचा. प्रत्येक नळीत आणखी एक छोटी नळी उपडी टाकायची. त्या रसात खाडीचं पाणी सोडून नळ्या दोन दिवस उबेत ठेवायच्या. माणसाच्या आतड्यातले जंतू पाण्यात असतील तर ते साखर फोडतात, वायू होतो, आणि उपड्या नळीच्या टोकाशी बुडबुडा अडकतो. एका बाटलीच्या पाण्याला मी नऊ नळ्या वापरत असे. नऊंपैकी किती नळ्यांत बुडबुडा आला, तो त्या पाण्याचा आकडा.

गावाची मोठी मोरी बाजारातून, संडासांच्या मागून येते आणि खाडीच्या बांधाला मिळते. बांधात लाकडी झडप आहे. तिला तिथे उघाडी म्हणतात. झडप वर ओढली की मोरीचं पाणी खाडीत जातं, खाली सोडली की खाडी गावात शिरत नाही. उघाडीपासून समुद्राच्या बाजूला धक्का आणि आतल्या बाजूला, अर्ध्या मैलावर, घोडखडप हा खडकांचा पट्टा. ओहोटीला हे खडप उघडं पडतं आणि तीसेक बायका कोयतीने कालवं फोडायला तिथे जातात. ती कालवं बाजारात विकली जातात, कैक जण लिंबू पिळून कच्चीच खातात.

धक्क्यापासून घोडखडपाच्याही पुढेपर्यंत मी बारा जागा ठरवल्या होत्या. त्या जागांवर होडीतून जाऊन पाणी आणायचं काम म्युनिसिपालिटीचा शिपाई धर्मा याचं. धर्मा पन्नाशीचा, मिठागरावरच्या आगरी घरातला, कमी बोलणारा. मी त्याला दवाखान्याच्या रांजणाशी उभं करून एकदा सगळं दाखवलं होतं: कागद कसा सोडायचा, बूच कुठे धरायचं, आत बोट कसं जाऊ द्यायचं नाही. मी स्वतः होडीत बसले नाही. बाईमाणसाने चिखलातून होडीत चढावं हे बरं दिसणार नाही, असं म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष करमअली शेट म्हणाले, आणि मला ते सोयीचं वाटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

बाराही जागांचा आकडा नऊपैकी नऊ आला. उघाडीच्या तोंडाशी नऊ, धक्क्याशी नऊ, घोडखडपावर नऊ, त्याच्या पलीकडे पाणी आरशासारखं असतं तिथेही नऊ. मी अहवाल लिहिला: खाडी सर्वत्र दूषित आहे.

कमिटीने त्यातून सरळ अर्थ काढला. खाडी सगळीकडेच वाईट असेल तर मोरीचं काही करून उपयोग नाही. घोडखडप कायमचं बंद करावं, कालवं काढणाराला दंड करावा. ठराव माघ वद्य अष्टमीच्या सभेत यायचा होता. दवंडी मात्र आधीच पिटली गेली.

माझं मन एकाच ठिकाणी अडत होतं. बारा बाटल्यांबरोबर मी तेरावी बाटली मशिदीजवळच्या गोड्या विहिरीची मागवली होती. त्या विहिरीत दोनच दिवसांपूर्वी जंतू मारायचं लाल औषध टाकलं होतं. तिथे एखादा बुडबुडा आला असता तर मी समजू शकले असते. तिथेही नऊ आले. मी ते अहवालात घातलं नाही, कारण अहवाल खाडीचा होता. पण ती नऊ नळ्यांची ओळ मी धुतलीही नाही. फळीवर तशीच ठेवली. येता-जाता तिच्याकडे बघायची आणि काही तरी दुसरं काम काढायची.

दवंडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी राहिली. काष्ट्याचं लुगडं, हातात कोयती, डोक्यावर टोपली. तिने टोपली माझ्या टेबलावर, नेमकी वहीवर ठेवली.

“बाटलीवाली बाय तूच का?”

“हो. तुम्ही?”

“मी येसूबाई. घोडखडपावर माझी सासू कालवां फोडायची, तिची सासू फोडायची. माझी तीन पोरां याच कालवांवर पोसली. एक बी मेला न्हाय.” तिने कोयतीच्या टोकाने एक कालव उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. “खा.”

“कच्चं नाही खाणार.”

“का? तुझ्या नलीतला भूत पोटात शिरल?”

“बाजारात दोन माणसं गेली, येसूबाई.”

“गेली. ती काय माझ्यामुलं गेली?” आता तिचा आवाज खाली आला. “तू सांग ना. लिहिलास ना तू? मग तुला ठावं असल. माझ्या कालवांनी गेली का?”

मला ठाऊक नव्हतं. नऊपैकी नऊ एवढंच मला ठाऊक होतं, आणि त्यातही फळीवरची ती ओळ होती. तिला म्हटलं, “उद्या मी स्वतः खडपावर येते.”

“ये. पन चपला घालून नको येऊ, पाय कापतील. अनवानी आलीस तर जास्त कापतील,” असं म्हणून ती टोपली उचलून गेली. वहीवर खाऱ्या पाण्याचा गोल डाग पडला होता.

दुसऱ्या दिवशी, माघ शुद्ध त्रयोदशीला, मी धर्माच्या होडीत बसले. त्याने फळीवर गोणपाट टाकलं. पहिल्या जागेवर त्याने वल्हं ठेवलं, बाटलीचा कागद सोडला, बूच मी दाखवलं होतं तसंच दोन बोटांत धरलं. मला बरं वाटलं. मग त्याने खांद्यावरचा पंचा काढला, त्याचं टोक बाटलीच्या तोंडावर घट्ट ताणलं आणि ओंजळीने पाणी त्यावर सोडू लागला.

“धर्मा, हे काय?”

“गालतो ना.”

“प्रत्येक वेळी गाळतोस?”

“मंग?” त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “काडी-कचरा, चिंगूल, काय काय असतं पान्यात. घरात पावन्याला बी कोनी न गालता पानी देतं का, बाईसायेब? हे तं सरकारी बाटलीत जायचा.”

“विहिरीचंही असंच घेतलंस?”

“व्हय. ते तं पयलं.”

मी त्या पंच्याकडे बघत राहिले. त्याने तो घाम पुसायला वापरला होता, होडीतलं पाणी टिपायला वापरला होता, आणि रोज संध्याकाळी उघाडीच्या दगडावर, मोरीच्या तोंडाशी, धुतला होता. बारा जागांचं पाणी आणि विहिरीचं पाणी, सगळं त्या एका पंच्यातून माझ्याकडे आलं होतं. मी खाडी तपासलीच नव्हती. धर्माचा पंचा तपासला होता.

त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला मी रांजणाशी दाखवलं होतं. रांजणातलं पाणी आधीच गाळलेलं होतं. त्यापुढचं त्याला सांगावं असं मला सुचलंच नाही, आणि घरी जे लहानपणापासून करत आला ते खाडीवर करू नये असं त्याला का वाटावं?

अष्टमीला दहा दिवस होते. बारा जागा मला झेपणार नव्हत्या. मी दोन ठरवल्या: एक उघाडीचं तोंड, दुसरी घोडखडप. पौर्णिमेपासून रोज सकाळी नऊ वाजता दोन्हीकडचं पाणी स्वतःच्या हाताने घ्यायचं, आणि सोबत उकळलेल्या पाण्याची एक बाटली, म्हणजे माझ्याच हातून काही घाण होत असेल तर कळेल. येसूबाई रोज खडपावर असायची. मी गुडघाभर पाण्यात वाकून बाटली बुडवायची आणि ती इतर बायकांना मोठ्याने सांगायची, “बघा गो, मुंबईची बाय पानी चोरते.” दुसऱ्या दिवशी माझी पोटरी कापली तेव्हा मात्र तिनेच लुगड्याची चिंधी फाडून बांधली. “रगत नको पडू देऊ पान्यात,” ती म्हणाली. “ते बी माझ्याच नावावर लिहिशील.”

उकळलेल्या पाण्याच्या नळ्या रोज कोऱ्या राहिल्या. उघाडीच्या तोंडाशी रोज नऊ. त्यात आश्चर्य नव्हतं. घोडखडपाचे आकडे मात्र असे आले: पहिल्या दिवशी नऊ, मग नऊ, मग आठ, सहा, तीन, एक. सातव्या दिवसाच्या नळ्या अष्टमीच्या सकाळी वाचायच्या राहिल्या होत्या.

मी त्या ओळीकडे बघून हादरले. आकडे असे पायऱ्या उतरल्यासारखे उतरतात तेव्हा त्यामागे काही तरी असतं. काय, ते मला कळत नव्हतं. दोनदा मी उठून खाडीपर्यंत गेले आणि काही न करता परत आले.

सप्तमीला दुपारी करमअली शेट खोलीत आले. उंच, मेंदी लावलेली दाढी, तीन मचव्यांचे मालक. मलबारपर्यंत नारळ आणि कौलं वाहायचे. म्युनिसिपालिटीचं काम ते मचव्यासारखंच करायचे: वेळेवर आणि ओरडून. वहीत डोकावून त्यांनी ओळ वाचली आणि खूश झाले.

“पाहिलंत? पावडर! द्वितीयेपासून मी मोरीत ब्लीचिंग पावडर टाकायला लावलीय. जंतू मेले.”

“शेट, मोरीच्या तोंडाशी आकडा रोज नऊच आहे. पावडरीने मेले असते तर तिथे आधी कमी झाले असते.”

“मग खडपावर कमी कशाने झाले?”

“अजून कळलं नाही.”

“नाही कळलं,” ते म्हणाले. “बाई, परवा कळलं होतं सगळी खाडी खराब. आज कळलं नाही. उद्या सभा आहे. पावडर जन्मभर टाकणं काही आम्हाला परवडत नाही. खडप बंद, पावडर बंद, जान छुटी. माझ्या मोहल्ल्यातले दोन जनाजे मी खांद्यावरून नेलेत, बाई. तिसरा नको.”

त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं.

ते गेले आणि येसूबाई आली. आत धर्मा बाटल्या पुसत होता. तिने विचारलं, “काय निघाला?” तिला वाचता येत नव्हतं. मी ओळीवर बोट ठेवत आकडे सांगितले: पहिल्या दिवशी सगळ्यात वाईट, मग उतरत उतरत सहाव्या दिवशी एक.

“पयला दिस म्हंजी कंचा?”

“तीस तारीख.”

“तारीक नको सांगू. तिथ सांग.”

मला आठवावं लागलं. धर्माच म्हणाला, “पुनव.”

येसूबाईने बोटाच्या पेरांवर अंगठा चालवला. पुनव, पाडवा, बीज, तीज. “मंजे उधानाला घान, भांगाला साफ,” ती म्हणाली. पौर्णिमा-अमावास्येला समुद्र जास्त चढतो-उतरतो ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं तो भांग. खाडीवर जन्मलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मला सांगावं लागलं.

“पण उधाणाला तर जास्त पाणी येतं आणि जास्त जातं,” मी म्हटलं. “घाण जास्त धुऊन जायला हवी.”

“जायला पायजे,” येसूबाई म्हणाली आणि धर्माकडे बघू लागली.

धर्माने बाटली उजेडात धरली, पुन्हा पुसली. मग म्हणाला, “साताला सोडतो ना.”

“काय?”

“उघाडी. सकाली साताला आन संध्याकाली साताला. शेटचा हुकूम हाय. घड्याल आल्यापासून.”

मग तुकड्यातुकड्याने त्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत उघाडी मिठागरवाल्यांच्या हातात होती. धर्माचा बाप ती तिथीवर सोडायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चौथीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरती फिरली, पाणी दर्याकडे वळलं, की झडप वर. घाण पाण्याबरोबर सहा तास बाहेर जात राहायची. पण अशाने उघाडी रोज वेगळ्या वेळेला सुटायची, बाजारात कधी सकाळी वास, कधी भर दुपारी. लोकांनी तक्रारी केल्या. करमअली शेटनी म्युनिसिपालिटीत मोठं घड्याळ आणलं, उघाडी आपल्या ताब्यात घेतली आणि नियम केला: सात म्हणजे सात.

“आठवीला सहाला भरती,” धर्मा म्हणाला. “साताला सोडली का घान सरल दर्यात. पुनवेला भरती दुपारला. साताला खाडी सुकून पानी आत चढाया लागतं. तवा सोडली का पानीच घान उचलतं, आन थेट घोडखडपावर नेऊन घालतं. दशमीला तं साताला सोडली तवा खाडीच आत आली. शेटच्या वखारीच्या पायरीला पानी लागलां.”

“आणि उधाणालाच आमी खडपावर असतो,” येसूबाई हळूच म्हणाली. “तवाच तं ते पुरतं उघडं पडतं.”

“धर्मा, तुला हे माहीत होतं?”

“मना काय, सगल्यांनाच ठावं.”

“मग बोलला का नाहीस?”

“कोनी इचारला?” तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही, जसं होतं तसं. “पंच्याचं बी तुमी न्हाय इचारलं.”

येसूबाई एकदम हसली, मग तोंडावर पदर धरून थांबली. मी पंचांग मागवून घेतलं आणि माझ्या वहीत तारखांच्या शेजारी तिथ्या लिहिल्या. आपली चूक सापडते तेव्हा एक प्रकारचा आनंदही होतो, हे मी कुणाला सांगितलं नाही.

अष्टमीच्या सकाळी सातव्या दिवसाच्या नळ्या पाहिल्या. एकही बुडबुडा नव्हता.

सभा त्याच दुपारी होती. सभागृहात बाईला खुर्ची ठेवायची की नाही यावर थोडी कुजबुज झाली, मग कुणी तरी स्टूल आणलं. अध्यक्षांच्या डोक्यावर ते घड्याळ, पितळी लोलकाचं. येसूबाई आणि आठ-दहा बायका बाहेर पायरीवर. धर्मा दारात.

मी उभी राहिले आणि आधी कठीण ते बोलले. “माझा पहिला अहवाल चुकीचा आहे. मी तो मागे घेते.”

मिठागराचे एक मक्तेदार, दयारामभाऊ, मेंबर होते. ते सुपारी कातरायचे थांबले. “अहो बाई, शास्त्र दोन आठवड्यात शिळं होतं का?”

“शास्त्र नाही. नमुने खराब होते. मी स्वतः गेले नव्हते.”

“कोण गेलं होतं मग?”

“माझ्या हाताखाली घेतले गेले. जबाबदारी माझी.”

“मी गेलतो,” धर्मा दारातून म्हणाला. “गालून घेतला पानी. पंच्यातून.”

सगळी सभा हसली. दयारामभाऊ म्हणाले, “शाब्बास! म्हणजे सबंध गावाला दवंडी पिटली ती धर्माच्या पंच्याची.” धर्माने मान खाली घातली. करमअली शेट हसले नाहीत. त्यांनी टेबलावर हात आपटला.

“हसायला काय झालं? माझ्या घरी मला गाळूनच पाणी देतात. तुमच्या घरी न गाळता देतात का, भाऊ?” मग माझ्याकडे वळून, “पुढे बोला.”

मी वही समोर ठेवली. खडपाचे सात आकडे, उघाडीच्या तोंडाचे सात आकडे, तिथ्या, भरतीच्या वेळा. शेवटी म्हटलं, “घोडखडप मुळात घाण नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आपण तिथे घाण नेऊन टाकतो. उघाडी सातला सुटते म्हणून.”

शेटनी मान वळवून घड्याळाकडे पाहिलं. ते त्यांनी स्वतः मुंबईहून मचव्यातून, गाद्यांत गुंडाळून आणलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“म्हणजे माझं घड्याळ जंतू पेरतं?”

“घड्याळ बरोबर चालतं, शेट. खाडी त्याच्यावर चालत नाही.”

“मचवा मी तिथीवर हाकारतो,” ते म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखे. “मोरीला पण भरती-ओहोटी लागते हे डोक्यातच आलं नाही.” मग आवाज पुन्हा कडक झाला. “पण एकदा तुमच्या कागदावर विसंबून मी दवंडी दिली, बाई. आता दुसऱ्या कागदावर विसंबून खडप खुलं ठेवू? कुणी मेलं तर? आजपासून अमावास्येपर्यंत उघाडी तिथीवर सोडू. अमावास्येला उधाण. त्या दिवशी तुम्ही खडपाचं पाणी घ्या. किती आकडा आला तर खडप खुलं, ते आत्ता सांगा. नंतर नाही.”

मी असा प्रश्न अपेक्षिला नव्हता. “नऊपैकी तीनपर्यंत,” मी म्हटलं.

“चार आले तर?”

“तर बंद.”

“आणि त्या बायकांना ते तुम्ही सांगायचं. दवंडीवाला नाही.”

“मी सांगेन.”

बाहेर आल्यावर येसूबाईने विचारलं, “तीनच का गो बोललीस? पाच बोलायचीस.” मी तिला म्हटलं की पाच असते तर मी स्वतः माझ्या माणसांना ती कालवं खाऊ दिली नसती. ती म्हणाली, “तुझी मानसं हायत कुठं इथं?” आणि बायकांना घेऊन गेली.

त्यानंतरचा आठवडा मी बाटल्या धुण्यात घालवला. धुतलेल्या पुन्हा धुतल्या. धर्मा दिवसातून दोनदा, तिथी मोजून, उघाडीवर जायचा. बाजारात पुन्हा दुपारचा वास येऊ लागला आणि दुकानदार माझ्याकडे बघून नाकाला रुमाल लावायचे. अमावास्येला नऊ वाजता मी खडपावर पाणी घेतलं. पाणी आत चढत होतं, गढूळ होतं, आणि गढूळपणावरून काहीच कळत नाही हे माहीत असूनही मी बाटली पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत होते. त्या दिवशी येसूबाईने थट्टा केली नाही.

चोवीस तासांनी पेटी उघडली: एक बुडबुडा. आणखी चोवीस तास. त्या दिवशी पश्चिमेचा वारा सुटला होता. दिव्याला मी पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि दर अर्ध्या तासाने उष्णतामापक बघत बसले. करमअली शेट दोनदा दारापर्यंत येऊन गेले. दोन्ही वेळा आपण सहज इकडून जात होतो असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी, मी नळ्या बाहेर काढल्या. शेट, धर्मा आणि येसूबाई तिघंही खोलीत उभे होते. दोन नळ्यांत वाटाण्याएवढा बुडबुडा होता. पाच कोऱ्या. उरलेल्या दोनपैकी एकीत, उपड्या नळीच्या अगदी टोकाशी, मोहरीएवढं काही तरी चमकलं. वायू असेल किंवा भरताना राहिलेली हवा असेल. नळी टिचकी मारून पाहिली. हललं नाही. शेवटच्या नळीतही तसंच काही असलं तर आकडा चार होणार होता. ती मी खिडकीत नेली. उजेडात फिरवली. मग भिंग लावलं. आत रस होता, काचेच्या आतल्या बाजूला एक बारीक चरा होता, बुडबुडा नव्हता.

“किती?” शेटनी विचारलं.

“दोन नक्की आहेत. एक मोहरीएवढा आहे. तो हवेचाही असू शकेल.”

“मग धरायचा की नाही?”

“धरायचा,” मी म्हटलं. “तीन.”

शेटनी तीन हा शब्द ओठांत एकदा म्हणून पाहिला. धर्माकडे वळून ते म्हणाले, “घड्याळाखाली पंचांग टांग. खिळा मजबूत मार.” मग मला म्हणाले, “पुढच्या पुनवेला परत. त्याच्या पुढच्या अमावास्येलाही. तुमचे चार महिने संपेपर्यंत.”

“मीही तेच म्हणणार होते. आणि धर्माला मी नमुने घ्यायला शिकवीन. नीट. खाडीवर.”

“बिना पंचा,” धर्मा म्हणाला.

शेट गेले. येसूबाई नळ्यांपाशी वाकून त्या मोहरीएवढ्या चकाकीकडे बघत राहिली. “येवढ्याशावर माझा खडप अडकलावता?” ती म्हणाली. ती बाहेर गेली आणि टोपली घेऊन परत आली. या वेळी तिने ती वहीवर न ठेवता खाली जमिनीवर ठेवली. कोयतीने एक कालव उघडलं.

“आता तरी खाशील?”

मी स्टोव्ह पेटवला आणि पातेल्यात पाणी ओतलं. “उकडून,” मी म्हटलं.

“बघ बाबा धर्मा,” येसूबाई म्हणाली, “हिचा तो बुडबुडा काय हिच्या पोटातून निघंना.” आणि खाली बसून ती एकेक कालव फोडून पातेल्यात टाकू लागली.